दोन ते सहा

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री मी लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम सुरू केला आणि झोपलो. सकाळी उठून बघितलं तर पंखा घरघरत होता आणि प्रोग्रॅम अजून पहिल्या तीन-चार ओळींतच चाचपडत होता. असा कोड ऑफिसात कुणी रिव्ह्यूला टाकला असता तर मीच परत पाठवला असता. पण हे काम ऑफिसचं नव्हतं. माझ्याकडे दहा बाय दहाचा एक चौरस होता आणि मला त्याचा जोडीदार शोधायचा होता.

हा चौरस म्हणजे सुडोकूचा जरा मोकळाढाकळा भाऊ. दहा आडव्या ओळी, दहा उभ्या, आणि कुठल्याही ओळीत दहापैकी प्रत्येक आकडा एकदाच. सुडोकूतली लहान डब्यांची अट इथे नाही. याला लॅटिन चौरस म्हणतात. एकाच मापाचे दोन लॅटिन चौरस एकमेकांवर ठेवले की प्रत्येक घरात दोघांच्या आकड्यांची मिळून एक जोडी पडते. सगळ्या घरांतल्या जोड्या वेगवेगळ्या निघाल्या, एकही दुसऱ्यांदा आली नाही, तर ते दोन चौरस एकमेकांचे जोडीदार. तीन बाय तीनला हे कागदाच्या कपट्यावर जमतं:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

अक्षरांचा एक चौरस, आकड्यांचा दुसरा. नऊ घरांत नऊ वेगळ्या जोड्या.

आता पुढचा प्रश्न. तीन चौरस असे मिळतील का, की त्यांतले कुठलेही दोन उचलले तरी ते एकमेकांचे जोडीदार असतील? चार बाय चारला मिळतात. पाचला मिळतात, सहाला नाहीत. सात, आठ, नऊला मिळतात. अकराला आणि त्यापुढच्या प्रत्येक आकड्याला मिळतात. हे सगळं सिद्ध झालेलं आहे. मधला एक आकडा मी मुद्दाम गाळला. दहाला असे तीन चौरस मिळतात का, हे आजही कुणाला माहीत नाही.

दहासाठी जास्तीत जास्त किती चौरस मिळतील, याचं उत्तर दोन ते सहा यांच्या दरम्यान आहे, एवढंच ठाऊक आहे. आणि खालच्या दोनाच्या गोष्टीतही, वरच्या सहाच्या गोष्टीतही एकच नाव येतं: शरदचंद्र शंकर श्रीखंडे. नागपुरात शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झालेले. इंजिनिअरिंगला मी डिस्क्रीट मॅथ्सचा पेपर दिला. त्यात लॅटिन चौरस होते. हे नाव नव्हतं.

गोष्ट सुरू होते सेंट पीटर्सबर्गला, १७७९ साली. लिओनार्ड ऑयलरची दृष्टी तोवर जवळजवळ पूर्ण गेली होती, पण लिखाणाचा वेग कमी झाला नव्हता. त्या वर्षी तिथल्या अकादमीपुढे सादर केलेल्या आणि १७८२ मध्ये छापून आलेल्या निबंधात त्याने एक कोडं मांडलं. सहा रेजिमेंट आहेत. प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी बोलावले, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असं उभं करा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक रेजिमेंटचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी असेल. म्हणजेच सहा बाय सहाची जोडी. (ऑयलरच्या जवळपास ऐंशी वर्षं आधी कोरियात चोई सोक-जोंग याने नऊ बाय नऊची अशी जोडी पुस्तकात दिली होती. युरोपला त्याचा पत्ता नव्हता.)

ऑयलरला विषम आकड्यांची जोडी जमवता येत होती. चारने भाग जाणाऱ्यांचीही. उरले २, ६, १०, १४, १८ हे आकडे, सम असूनही चारने भाग न जाणारे. दोनचं जमत नाही हे पोरसुद्धा सांगेल. सहाचं त्याने खूप खटपट करूनही जमेना. तेव्हा त्याने अंदाज बांधला की या रांगेतल्या कुठल्याच आकड्याला जोडी नसणार. सिद्धता त्याच्याकडे नव्हती आणि ती असल्याचा आवही त्याने आणला नाही.

पुढची सव्वाशे वर्षं कुणी फार पुढे गेलं नाही. १९०० च्या सुमारास गास्तों तारी या अल्जीरियात सरकारी नोकरी करणाऱ्या फ्रेंच माणसाने सहाचा निकाल लावला. पहिली आडवी आणि पहिली उभी ओळ क्रमाने लावून घेतली की सहा बाय सहाचे ९४०८ लॅटिन चौरस उरतात. तारीने ते सतरा कुळांत वाटले आणि हाताने एकेक कूळ तपासून दाखवून दिलं की कुणालाच जोडीदार नाही. छत्तीस अधिकारी उभे राहत नाहीत ते नाहीतच.

सहाचा अंदाज खरा निघाल्यावर बाकीचाही खरा असणार, असं सगळ्यांनी धरलं. समोर ऑयलर होता, त्यामुळे शंका घेण्याऐवजी सिद्धता देण्याकडे लोकांचा कल होता. पुढच्या वीस-बावीस वर्षांत निदान तिघांनी अशा सिद्धता छापल्या: पेटरसन, वेर्निके आणि अमेरिकेतला मॅकनिश. तिन्ही चुकीच्या होत्या. वेर्निकेची चूक मॅकनिशने दाखवली आणि मग स्वतः वेगळी चूक केली. आम्ही याला कोड रिव्ह्यू म्हणतो.

याच काळात हे चौरस शेतात उतरले. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती प्रयोग केंद्रात रोनाल्ड फिशर काम करत होता. गव्हाच्या पाच जातींची तुलना करायची आहे, पण शेताचा एक कोपरा ओलसर, दुसरा हलक्या मातीचा. मग पीक जातीमुळे चांगलं आलं की मातीमुळे, हे कसं ओळखायचं? शेताचे पाच बाय पाच वाफे पाडा आणि जाती लॅटिन चौरसासारख्या लावा. प्रत्येक जात प्रत्येक पट्ट्यात एकदा येते आणि मातीचा फरक हिशोबातून काढून टाकता येतो. आता त्याच शेतात पाच खतंही तपासायची असतील तर? दुसरा चौरस हवा, पहिल्याचा जोडीदार. प्रत्येक जातीला प्रत्येक खत एकदाच मिळालं पाहिजे. ऑयलरचं कोडं अचानक उपयोगी झालं.

तिथून ते कोलकात्याला आलं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राजचंद्र बोस नावाचे गणितज्ञ होते. मूळचे भूमितीतले, महालनोबिसांनी त्यांना संख्याशास्त्रात ओढून आणलेलं. फिशर कोलकात्याला आला असताना त्याने प्रश्न टाकला की ३, ४, ५, ७, ८, ९ अशा मूळ संख्यांसाठी आणि त्यांच्या घातांसाठी चौरसांचे पूर्ण संच नेहमीच मिळतात का. पूर्ण संच म्हणजे आकड्याहून एक कमी इतके चौरस, सगळे एकमेकांचे जोडीदार. पाचला चार, सातला सहा, याहून जास्त असूच शकत नाहीत. बोस यांनी १९३८ मध्ये 'हो' असं उत्तर दिलं आणि ते संच बांधायची रीतही दिली. १० हा मूळ संख्येचा घात नाही. तिथे ही रीत गप्प बसते.

श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. नागपुरात शिक्षण झालं. मग कोलकात्याला याच संस्थेत त्यांची बोस यांच्याशी गाठ पडली. बोस १९४९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला गेले. श्रीखंडे यांनी तिथेच त्यांच्या हाताखाली १९५० मध्ये पीएच.डी. केली आणि ते नागपूरला शिकवायला परत आले. १९५८ मध्ये ते पुन्हा चॅपेल हिलला होते, आणि तेव्हा ऑयलरची भिंत हलायला लागली होती.

पहिला धक्का दिला अर्नेस्ट पार्करने. हा मिनेसोटातल्या सेंट पॉलला, रेमिंग्टन रँड कंपनीच्या युनिव्हॅक संगणक विभागात कामाला होता. चुकीच्या सिद्धतेखेरीज मॅकनिशने एक अंदाजही सोडला होता. त्याच्या हिशोबाने २१ ला दोनापेक्षा जास्त चौरस मिळायला नकोत. पार्करने जास्त मिळवून दाखवले. बोस आणि श्रीखंडे यांच्या लक्षात आलं की पार्करची युक्ती ताणली तर ती ऑयलरच्या रांगेतही घुसू शकते. आणि त्यांनी २२ ची जोडी बांधली.

ती कशी बांधली हे मला इतकं आवडतं की सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८५० मध्ये टॉमस कर्कमन या इंग्लंडमधल्या पाद्र्याने एका नियतकालिकात कोडं दिलं होतं. शाळेतल्या पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या पाच रांगा करून फिरायला जातात. सात दिवसांचं असं वेळापत्रक करा की कुठल्याही दोन मुली एका रांगेत नेमक्या एकदाच येतील. ते जमतं. पाच रांगा गुणिले सात दिवस, पस्तीस त्रिकुटं.

आता प्रत्येक वाराला एक बाई नेमा. सोमवारच्या बाई सोमवारच्या पाचही त्रिकुटांसोबत, मंगळवारच्या बाई मंगळवारच्या. पस्तीस त्रिकुटांच्या पस्तीस चौकड्या झाल्या. वर सात बायकांची एक स्टाफ मीटिंग ठेवा. एकूण माणसं किती? पंधरा आणि सात, बावीस. यातल्या कुठल्याही दोघी घ्या. दोन मुली असतील तर एका चौकडीत एकदाच. एक मुलगी आणि एक बाई असतील तर त्या बाईंच्या वारी एकदाच. दोन्ही बाई असतील तर मीटिंगमध्ये एकदाच. बावीस जणींत प्रत्येक जोडगोळी नेमक्या एका गटात येते, आणि गट दोनच मापांचे आहेत, चारचे आणि सातचे. चार आणि सात यांच्या जोड्या ऑयलरलाही येत होत्या. त्यातल्या अशा निवडायच्या की कर्णावर दोन्ही चौरसांत आकडे क्रमाने येतील. बावीस बाय बावीसच्या चौरसात पाचवी ओळ आणि अठरावा स्तंभ मिळतात त्या घरात काय लिहायचं? पाचवी आणि अठरावी व्यक्ती ज्या एकमेव गटात आहेत, त्या गटाच्या लहान जोडीत बघा आणि उतरवून घ्या. कर्णावर दोन्ही चौरसांत ज्याचा त्याचा क्रमांक. एवढंच. जोडी तयार.

पावणेदोनशे वर्षं जी गोष्ट अशक्य मानली गेली तिला कुठलंही अवजड गणित लागलं नाही. शाळेच्या सहलीचं वेळापत्रक लागलं.

बातमी पार्करपर्यंत पोचली आणि त्याने थेट १० ला हात घातला. सात आकडे घड्याळासारखे गोल लावले, तीन बाहेर ठेवले, योग्य सुरुवात निवडली आणि ती एकेक पाऊल फिरवत सातदा उतरवली. उरलेल्या कोपऱ्यात वर दिलेल्यासारखी तीन बाय तीनची जोडी बसली. गंमत अशी की संगणक कंपनीत काम करणाऱ्या या माणसाने हे कागदावर केलं. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला स्वॅक हा संगणक एका दहाच्या चौरसाचा जोडीदार शोधत शंभराहून जास्त तास चालला होता आणि रिकाम्या हाताने थांबला होता.

१९५९ च्या एप्रिलमध्ये तिघांनी मिळून जाहीर केलं की २ आणि ६ सोडले तर ऑयलरचा अंदाज सगळीकडे चुकीचा आहे. २६ एप्रिलच्या रविवारी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. त्यांना नावही पडलं, ऑयलरचा खेळ बिघडवणारे. नोव्हेंबरमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मुखपृष्ठावर दहाच्या जोडीचं रंगीत चित्र आलं. पुढे जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने पॅरिसमधल्या एका इमारतीवरची आपली मोठी कादंबरी याच दहा बाय दहाच्या जोडीवर बेतली, कुठल्या खोलीत काय असेल हे ठरवायला.

माझा शनिवारचा प्रोग्रॅम स्वॅकसारखा होता. घर घेऊन आकडा भरायचा, अडलं की मागे यायचं. पुढे पार्करने संगणकावर बसून शोधलेली रीत वाचली तेव्हा मी कपाळावर हात मारला. जोडीदार चौरसात ज्या दहा घरांत १ आहे, ती मूळ चौरसात बघा. प्रत्येक आडव्या ओळीतून एक घर, प्रत्येक उभ्या ओळीतून एक, आणि त्यांत दहाही आकडे एकदा. अशा दहा घरांच्या निवडीला ट्रान्सव्हर्सल म्हणतात. आधी चौरसातल्या सगळ्या ट्रान्सव्हर्सल काढायच्या. दहाच्या चौरसात त्या साधारण आठशे-हजारच्या घरात असतात. मग त्यांतून एकमेकींना न छेदणाऱ्या दहा निवडायच्या. निवडता आल्या की जोडीदार मिळाला. पार्करला त्या काळच्या युनिव्हॅकवर हे तासाभराच्या आत जमत होतं. माझ्या लॅपटॉपवर चहा उकळायच्या आत झालं. नंतरच्या गणितज्ञांच्या नमुना तपासणीवरून असं दिसतं की दहाच्या चौरसांपैकी साठेक टक्क्यांना जोडीदार असतो. ऑयलर ज्याला एकही नाही म्हणत होता, तिथे निम्म्याहून जास्त.

म्हणून तिसरा न सापडणं जास्त सलतं. पार्करने शोधलेल्या एका दहाच्या चौरसात ५५०४ ट्रान्सव्हर्सल आहेत आणि त्याचे जोडीदार एक कोटीच्या वर आहेत. त्या कोटीभरांतले कुठलेही दोन एकमेकांचे जोडीदार नाहीत.

ही झाली खालची बाजू, दोनाची. वरून काय दिसतं? दहाला पूर्ण संच, म्हणजे नऊ चौरस मिळाले असते तर त्यांच्यापासून एक भूमिती बांधता आली असती: १११ बिंदू, १११ रेषा, प्रत्येक रेषेवर ११ बिंदू, आणि कुठल्याही दोन रेषा नेमक्या एका बिंदूत मिळतात. अशी दहाची भूमिती आहे की नाही? १९४९ चं ब्रक आणि रायझर यांचं प्रमेय ६ आणि १४ ला दारातच अडवतं, पण १० म्हणजे १ अधिक ९, दोन वर्गांची बेरीज, म्हणून ते त्याला सोडून देतं. मग मोजण्याशिवाय मार्ग नव्हता. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या क्लेमेंट लॅम आणि सहकाऱ्यांनी हे काम अनेक वर्षं पुढे रेटलं. शेवटचा आणि सगळ्यांत अवघड टप्पा प्रिन्स्टनमधल्या एका संशोधन संस्थेच्या क्रे सुपरकॉम्प्युटरवर चालला, त्याच्या रिकाम्या वेळात, सुमारे दोन हजार तास. १९८८ च्या शेवटी निकाल आला. अशी भूमिती नाही.

लॅमने स्वतःच एक अडचण लिहून ठेवली आहे. त्या क्रेमध्ये हजारेक तासांत एखादी न पकडली जाणारी चूक होते, असं बोललं जाई. दोन हजार तासांत दोन-तीन बिट इकडचे तिकडे झाले असतील तर? त्याचं उत्तर असं की अशी भूमिती असती तर ती शोधात हजारो वेगवेगळ्या वाटांनी समोर आली असती, सगळ्या वाटांवर चूक होणं फारच अवघड. मला हे पटतं. पण प्रॉडक्शनमध्ये कोड टाकणाऱ्या माणसाचं पटणं आणि गणितातलं सिद्ध होणं यांत अंतर आहे. ते पुढे दिसलंच. २०११ मध्ये दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्र कोड लिहून तोच निकाल काढला. २०२० च्या सुमारास कॅनडातल्या आणखी एका गटाने अख्खा प्रश्न तर्कशास्त्राच्या सूत्रांत बसवला, सॅट सॉल्व्हर नावाच्या प्रोग्रॅमना दिला आणि निकालासोबत कुणालाही तपासता येईल असा पुरावा तयार करवला. निकाल तोच आला. पण वाटेत त्यांना आधीच्या दोन्ही शोधांच्या नोंदींत न जुळणाऱ्या गोष्टी सापडल्या. उत्तर बरोबर, आत बग. हे वाक्य मी कुठल्याही ऑफिसात म्हटलं तर लोक माना डोलावतील.

तर नऊ चौरस नाहीत. मग आठ? सात? इथे श्रीखंडे परत येतात, १९६१ मध्ये 'सांख्य' या कोलकात्याच्या नियतकालिकात छापलेल्या दोन पानी टिपणातून. तिच्या मुळाशी त्यांचं १९५९ चंच काम आहे, आणि ते समजायला चार बाय चार पुरतं.

चारचे दोन चौरस घ्या. पहिला: १२३४, २१४३, ३४१२, ४३२१. दुसरा: १२३४, २३४१, ३४१२, ४१२३, म्हणजे नुसता फिरवत नेलेला. पहिल्याला जोडीदार आहे, दुसऱ्याला नाही. आता प्रत्येक चौरसाची सोळा घरं म्हणजे सोळा माणसं समजा. ज्या दोघांची आडवी ओळ वेगळी, उभी ओळ वेगळी आणि आकडाही वेगळा, त्यांची ओळख आहे असं धरा. दोन्ही चौरसांत प्रत्येकाच्या ओळखी सहाच निघतात. कुठलेही दोघे घ्या, दोघांच्या समाईक ओळखी दोनच. सगळे आकडे तेच. तरी आतली घडण वेगळी. पहिल्यात कुणाच्याही सहा ओळखीच्यांचे तिघातिघांचे दोन कंपू पडतात, कंपूच्या आत सगळे एकमेकांना ओळखतात, कंपूबाहेर कुणी नाही. दुसऱ्यात ते सहा जण एका गोलात उभे असतात आणि प्रत्येक जण फक्त आपल्या दोन बाजूंच्यांना ओळखतो. या दुसऱ्या जाळ्याला ग्राफ थिअरीत आज श्रीखंडे ग्राफ म्हणतात. एकमेकांना ओळखणारे चौघे म्हणजे एक ट्रान्सव्हर्सल. पहिल्यात असे चौघे आठ वेळा सापडतात, दुसऱ्यात एकदाही नाही. म्हणून त्याला जोडीदार नाही.

श्रीखंडे यांनी सिद्ध केलं की असा फसवा जुळा भाऊ फक्त चारला असतो. इतर कुठल्याही मापाला हेच आकडे जुळले की आतली घडणही पहिल्यासारखीच, कंपूंची, असावी लागते. आता दहाचे सात चौरस कुणी आणून दिले असं समजा. शंभर घरांत वरच्यासारख्या ओळखी लावा: ओळ, स्तंभ आणि सातही चौरसांतले आकडे वेगळे असले की ओळख. प्रत्येकाच्या ओळखी अठरा येतात, आणि बाकीचे आकडेही नेमके तेच जुळतात. म्हणजे घडण कंपूंची. दहा-दहाचे दहा कंपू एका बाजूने आणि दहा दुसऱ्या बाजूने. एका बाजूचे कंपू आठवा चौरस देतात, दुसऱ्या बाजूचे नववा. सात आले की नऊ आपोआप येतात. लॅमच्या शोधाप्रमाणे नऊ नाहीत. म्हणून सातही नाहीत. जास्तीत जास्त सहा.

१९६१ मध्ये लिहिलेलं 'जर' सत्तावीस वर्षं पडून होतं. त्याचं 'तर' क्रेने पूर्ण केलं. या गोष्टीत मला सगळ्यांत जास्त हाच सांधा आवडतो, कारण यंत्राला सातच्या संचासाठी वेगळं काहीच शोधावं लागलं नाही. ते काम दोन पानांनी आधीच करून ठेवलं होतं.

दोन आणि सहा यांच्यामध्ये मात्र तेव्हापासून काहीच हललेलं नाही. तीनचा एक संच सापडला तर खालचं कुंपण वर सरकेल. नाही असं सिद्ध झालं तर दोनावर शिक्का बसेल. २००७ मध्ये मॅके, मेनर्ट आणि मिर्व्होल्ड यांनी दाखवलं की तीनचा संच असलाच तर त्यातल्या चौरसांना कुठलीही सममिती नसणार. पार्करसारखं गोल फिरवून बांधायचे मार्ग त्यामुळे पुष्कळसे बंद झाले. जवळ जाणारे संच सापडलेत: पहिला दुसऱ्याशी जुळतो, पहिला तिसऱ्याशी जुळतो, दुसरा-तिसरा जुळता जुळता राहतात.

सरळ सगळे तपासून का टाकत नाही? दहाचे लॅटिन चौरस एकूण सुमारे १० चा ३७ वा घात इतके आहेत. ओळींची अदलाबदल, आकड्यांची नावं बदलणं वगैरे एकच धरलं तर ३४,८१,७३,९७,८९,४७,४९,९३९ प्रकार उरतात. मी हिशोब केला. एका प्रकाराला एक सेकंद लागला तर एका कोअरवर एकशे दहा कोटी वर्षं. दहा लाख कोअर मिळाले तर अकराशे वर्षं. एक कोटी मिळाले तर एकशे दहा. हा आकडा विश्वाच्या वयासारखा नाही, तो एखाद्या मोठ्या क्लाउड कंपनीच्या बजेटच्या जरासाच बाहेर आहे, आणि म्हणून तो जास्त छळतो. त्यातही ही संख्या मोजून काढलेली आहे, त्या सगळ्या प्रकारांची यादी कुठेही नाही. पार्करच्या ट्रान्सव्हर्सलसारखी एखादी युक्ती सुचली तर कदाचित हे शक्य कोटीत येईल. माझा कल 'तीन नाहीत'कडे आहे. पण १९५८ पर्यंत जवळजवळ सगळ्यांचा कल कुणीकडे होता ते वर आलंच आहे.

अमेरिकेहून परतल्यावर श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात आले आणि १९७८ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. मग काही वर्षं अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालक होते. त्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे हेही अमेरिकेत याच विषयाचे प्राध्यापक झाले. २१ एप्रिल २०२० रोजी, देशभर लॉकडाऊन असताना, श्रीखंडे गेले. वय १०२. मी तेव्हा घरूनच काम करत होतो, दिवसभर स्क्रीनसमोर, आणि ती बातमी माझ्यापर्यंत आली नाही. लॅटिन चौरसांची पानं चाळताना श्रीखंडे ग्राफ हे नाव दिसलं, आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून मी त्यावर क्लिक केलं. त्याला आणखी तीन वर्षं जायची होती.

प्रोग्रॅम आता बरा चालतो. एक चौरस देतो, जोडीदार काढतो, मग जोडीदारांतले कुठलेही दोन एकमेकांशी जुळतात का ते तपासतो आणि पुढच्या चौरसाकडे जातो. शनिवारी रात्री लावून ठेवतो. लॉग फाइलच्या शेवटच्या रकान्यात आतापर्यंत सगळीकडे शून्य आहे.